काकांची पंचवीस काडतुसं

"इथं दारू मिळेना झालीय हो काका," असं मी फोनवर म्हणालो आणि मागून आईचा आवाज आला, "काय मिळेना झालंय त्याला?"

एप्रिल २०२० ची गोष्ट. बेळगावातही तेव्हा लॉकडाऊनमुळे वाईनची दुकानं बंद होती, त्यामुळे आईला 'दारू मिळेना' या वाक्याचा एकच अर्थ ठाऊक होता. काका हसून हसून खोकायला लागले. "बंदुकीची गं वहिनी, बंदुकीची!" त्यांनी खुलासा केला. त्याने आईची काळजी कमी झाली असेल असं मला वाटत नाही.

हा छंद मला कसा लागला, हे आधी सांगायला हवं. मी शहापूरचा. बाबा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये होते, त्यामुळे लेथवरच्या तेलाचा वास आणि व्हर्नियर ही माझी लहानपणची खेळणी. बीई केलं, चार वर्षं पुण्यात काढली आणि २०१३ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात आलो. बंदुकीशी आमच्या घराचा संबंध म्हणाल तर फक्त काकांमुळे. त्यांची खानापूरकडे शेती. ऊस गेला की पैशांची ने-आण असायची, रानडुकरांचा त्रास असायचा. म्हणून नव्वदीच्या अखेरीस त्यांनी लायसन काढलं आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. सोबत पंचवीस काडतुसं. त्यांतली दोन घेतल्यावर चालवून पाहिली, दोन डुकरांना पळवायला उडवली. उरलेली एकवीस.

ही एकवीस काडतुसं मी वर्षातून एकदा बघायचो, खंडेनवमीला. पाटावर विळा, कोयता, बाबांचा मायक्रोमीटर, काकूंचं शिवणयंत्र (ते पाटाशेजारी) आणि मध्ये ते रिव्हॉल्व्हर. काडतुसं वेगळ्या वाटीत. पूजा झाली की काका मला म्हणायचे, "मोज की रे." मी मोजायचो. एकवीस. मग पुन्हा स्वतः मोजायचे. दरवर्षी एकवीसच. निवडणूक लागली की रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायचं आणि निकाल लागला की परत आणायचं. त्या दोन्ही वेळेलाही मोजणी. चार बारांपलीकडे ते शस्त्र कधी बोललं नाही, पण मोजदाद मात्र वीस वर्षं चालू होती.

अमेरिकेत आल्यावर पहिली पाच वर्षं मी बंदुकीला हातही लावला नाही. एच-वन व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं बाळगणं इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे; शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. २०१८ मध्ये ग्रीन कार्ड आलं. (इतक्या लवकर कसं, असं विचारणाऱ्यांसाठी : बायकोचा जन्म मस्कतचा. रांग जन्माच्या देशावरून लागते आणि नवरा-बायकोपैकी कुणाचाही देश धरता येतो. लग्न जमताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.) त्याच सुमारास शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहायला आले. ते खारींना रोज शेंगदाणे घालायचे म्हणून माझ्या मुलीने त्यांचं नाव ठेवलं, खारआजोबा. मीही इथे तेच वापरतो.

खारआजोबांनी चाळीस वर्षं टूल अँड डायच्या शॉपमध्ये काढली होती. डेटनमध्ये एके काळी असे शॉप गल्लोगल्ली होते. पहिल्याच गप्पांत मी उद्यमबागेचं नाव काढलं, फाउंड्र्यांबद्दल सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. टेबलावर एक ओतीव लोखंडाचा छोटा हँडप्रेस, वजनकाटा, पितळी पुंगळ्यांनी भरलेले डबे. ते स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे.

तोपर्यंत मला वाटायचं, काडतूस म्हणजे कारखान्यातून येणारी अखंड वस्तू. तसं नाही. त्याचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारी इवलीशी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. घोडा पडला की प्रायमर ठिणगी टाकतो, दारू पेटते, गोळी जाते. उरते ती पुंगळी, आणि तीच सगळ्यात महाग. ती धुऊन, पुन्हा मापात दाबून, नवा प्रायमर बसवून, दारू मोजून, गोळी बसवून पुन्हा वापरता येते. दहा-दहा वेळा येते. रिव्हॉल्व्हरवाल्यांना तर हे जास्तच सोयीचं, कारण पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात. पिस्तुलासारख्या गवतात उडत नाहीत आणि मग त्या वेचत फिरावं लागत नाही. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला अमेरिकेत परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे मात्र हा प्रकार आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्ह्यात जातो, तेव्हा गावाकडच्या कुणी हौशी भावाने हे वाचून गॅरेज रिकामं करायला घेऊ नये.

दारू मोजायचं माप आहे ग्रेन. एका पौंडात सात हजार ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण पासष्ट मिलिग्रॅम. हे ऐकल्यावर मला आजीची आठवण झाली. तोळा हे वजन इंग्रजांनी १८३३ मध्ये १८० ग्रेनला बांधून टाकलं आणि तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनला थोडी जड. शहापूरच्या सराफ गल्लीत आजी ज्या नजरेने काट्याकडे बघायची, त्याच नजरेने खारआजोबा त्यांच्या काट्याकडे बघायचे. मी हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या आजीला चुकीचं वजन पडलं तर पैसे जातील, मला पडलं तर बोटं."

मी एक पॉइंट ३५७ चं रिव्हॉल्व्हर घेतलं, पण चालवायचो बहुतेक पॉइंट ३८ स्पेशल. ३५७ ची पुंगळी ३८ पेक्षा तीनेक मिलिमीटरने लांब असते एवढंच. त्यामुळे मोठ्यात लहान चालतं, लहानात मोठं जात नाही. दर शनिवारी सकाळी रेंजवर पन्नास बार. काकांना फोनवर सगळं वर्णन. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा काका म्हणाले, "कोल्हापूरच्या पोरीनं करून दाखवलं बघ. तुझं काय?" माझं म्हणजे, पंधरा यार्डांवर सहापैकी चार गोळ्या बशीएवढ्या गोलात.

हे सगळं गमतीचं वाटत असेल, पण नेहमी तसं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच डेटनमध्ये, ओरेगन डिस्ट्रिक्ट या खाण्यापिण्याच्या भागात, एका माणसाने जेमतेम अर्ध्या मिनिटात नऊ जणांना मारलं. आम्ही त्या रस्त्यावर कितीदा जेवायला गेलो असू. त्या आठवड्यात बायकोने मला एकच प्रश्न विचारला, "हे घरात हवंच आहे का?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तिजोरी आली, काडतुसांचं कपाट वेगळं झालं, दोन्हीच्या किल्ल्या वेगळ्या ठिकाणी. चार महिने मी रेंजवर गेलो नाही. नंतर पुन्हा जाऊ लागलो, हे मी लपवत नाही.

मग २०२० आलं. मार्चमध्ये लोक टॉयलेट पेपरबरोबर काडतुसंही उचलत सुटले. साथ, उन्हाळ्यातली दंगल, निवडणुकीचं वर्ष. बंदूक घेण्याआधी एफबीआयकडून जी तपासणी होते, तिचा आकडा त्या वर्षी चार कोटींच्या आसपास गेला. तयार काडतुसांचा खोका दुप्पट-अडीचपट झाला. आम्ही घरी भरणारे आधी गालातल्या गालात हसत होतो. मग आमच्या लक्षात आलं की पुंगळ्या आहेत, शिसं आहे, दारू थोडीफार आहे, पण प्रायमर नाहीत.

प्रायमर ही घरी करायची वस्तूच नव्हे. चिमटीत धरता येणार नाही एवढ्या टोपीत भयंकर भडकू मसाला असतो आणि तो कारखान्यात ओला असतानाच भरतात. अमेरिकेत तो करणारे मोठे कारखाने मोजून चार. त्यातला एक चालवणारी कंपनी नेमकी २०२० च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली. उरलेल्यांनी आपले प्रायमर आधी आपल्याच तयार काडतुसांना लावले, आणि त्यात त्यांची चूक तरी काय? सुटे विकायला राहिले ते चिमूटभर. आधी हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरला मिळायचे. २०२१ मध्ये लोक खासगीत शंभर, दीडशे मागू लागले. ऑनलाइन मागवले तर वर धोक्याच्या मालाची वेगळी हशील, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एकत्र ऑर्डर टाकायची, भिशीसारखी. दुकानासमोर सकाळी सातला रांग. एका माणसाला एकच डबी, शंभर नग. त्या रांगेत उभं राहताना मला रेशनच्या रॉकेलची रांग आठवायची, फक्त इथे प्रत्येकाच्या हातात कॉफीचा मोठा ग्लास.

टंचाईने माझ्या हातात एक वाईट सवय आली : घाई. शंभर मिळाले की त्याच रात्री भरायला बसायचं. खारआजोबांचे नियम मला पाठ होते. टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली. भरताना गप्पा नाहीत. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू पडली की गोळी बसवण्याआधी टॉर्च धरून प्रत्येकीत डोकावायचं. याला कारण आहे. ३८ स्पेशलची पुंगळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, काळ्या दारूच्या हिशेबाने बेतलेली. आजची दारू थोडीशीच लागते, ती तळाशी पडून राहते. त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी आत खुशाल मावते. बाहेरून कळत नाही.

मे २०२१. रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे बेळगावात पहाटेचे साडेसहा. मी गॅरेजमध्ये तिसऱ्या ओळीत होतो आणि ताईचा फोन आला. ताई म्हणजे काकांची मुलगी. काकांना रात्री ॲडमिट केलं होतं. ऑक्सिजन लावला होता. बेड मिळाला हेच नशीब, असं ती तीनदा म्हणाली. मी फेऱ्या मारत बोलत राहिलो, मग आईशी, मग पुण्यातल्या एका डॉक्टर मित्राशी. पाऊण तासाने परत आलो तेव्हा ठोकळा तसाच होता. झोप येणार नव्हतीच. हाताला काहीतरी काम हवं होतं. मी उरलेल्या पुंगळ्यांत दारू टाकली, गोळ्या बसवल्या, खोका बंद केला. टॉर्च मी उचलला नाही. हे मला नंतर आठवलं, तेव्हा नाही.

चौथ्या दिवशी काका गेले. आम्ही जाऊ शकलो नाही. ताईने पीपीई किट घातलेल्या चौघांचा एक व्हिडिओ पाठवला, तो मी पुरता पाहिलेला नाही.

तेराव्यानंतरच्या शनिवारी खारआजोबा दारात आले आणि म्हणाले, "चल, गाडी मी चालवतो." रेंजवर तो पन्नासचा खोका आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांचं जुनं ३८ होतं. वडील पोलिसात होते. तेव्हा त्याचं वय आजोबांच्या वयाएवढंच. पाळी माझी होती. पहिले सहा बार ठीक. दुसऱ्यांदा भरलं, दोन बार ठीक. तिसऱ्याला आवाज आला तो बाराचा नव्हताच. ओली लवंगी फुसकी निघावी तसा, फट्. हाताला धक्का नाही. कानांवर कर्णरक्षक असल्याने मला वाटलं, बार झाला असेल. बोट पुन्हा चापावर दाब द्यायला लागलं होतं.

"स्टॉप!" एवढ्या मोठ्याने ओरडलेले खारआजोबा मी कधी पाहिले नव्हते. शेजारच्या तीन लेनही थांबल्या.

त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि इंचभर आत अडकून बसली. ती सिलिंडर आणि नळीच्या सांध्यात अडकली असती तर सिलिंडर फिरलंच नसतं आणि मी आपोआप थांबलो असतो. ती नेमकी पुढे सरकली होती. पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळला असता आणि नळी फुटली असती. आजोबांनी काही न बोलता रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, पितळी दांडी आणि लाकडी हातोडीने ती गोळी मागे ठोकून काढली. माझ्या तळहातावर ठेवली. मग खोक्यातली आणि सिलिंडरमधली सगळी काडतुसं गोळा केली. एक्केचाळीस उरली होती.

"वजन करून बघूया का? रिकामं असेल ते हलकं भरेल," मी म्हणालो. इंजिनिअरचं डोकं. ते म्हणाले, "दारूपेक्षा पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला फरकच जास्त असतो. काट्यावर विसंबून माझ्या बापाच्या बंदुकीत तू ते घालणार का?"

मग दोन संध्याकाळी आम्ही एक्केचाळीस काडतुसं उघडली. त्यासाठी प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं, तीन-चार आपटीत गोळी सुटते. ती, तिच्यामागची दारू, प्रत्येकीची वेगळी करून काट्यावर. सतरा ठीक निघाली. अठरावं रिकामं. मला वाटलं, सापडलं एकदाचं, संपलं. सव्विसाव्याची दारू ताटलीत पडली तेव्हा काट्याकडे बघण्याचीही गरज नव्हती. ढीगच मोठा होता. बरोबर दुप्पट.

खारआजोबा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. माझं रिव्हॉल्व्हर ३५७ चं, जाड, कदाचित निभावलं असतं. त्यांचं जुनं ३८ निभावलं असतं की नाही, हे आम्ही दोघंही मोठ्याने बोललो नाही. खोका मधोमध होता. सव्विसावं कुणाच्या हाताला लागलं असतं, ते कोण सांगणार?

"त्या रात्री तू होतास कुठे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. फोन, ऑक्सिजन, बेड. मग पाटावरची ती वाटीही सांगितली. एकवीस काडतुसं, वीस वर्षांत चार बार, हे ऐकून ते आधी हसले. "आख्ख्या आयुष्यात चार?" मग म्हणाले, "आणि दरवर्षी मोजायचे?" मी हो म्हणालो. त्यांनी पंधरा काडतुसं बाकी होती ती पुढे ओढली आणि आपटायला सुरुवात केली.

दारू सगळी त्यांनी गुलाबांच्या मुळाशी पसरली. टंचाईच्या दिवसांत! मी हळहळलो, तर त्यांनी ऐकलंच नाही. प्रायमर लागलेल्या पुंगळ्या मात्र एका डब्यात जपून ठेवल्या, कारण प्रायमर काही गुलाबाला घालता येत नाहीत. गॅरेजच्या दाराला त्यांनी एक खिळा ठोकून पिशवी टांगली. भरायला बसण्याआधी फोन त्या पिशवीत. आणि फोन वाजलाच, उठावंच लागलं, तर ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्या उलट्या करायच्या, पहिल्यापासून सुरुवात. ऑफिसमध्ये आम्ही एकमेकांचा कोड तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि घरी मी स्वतःच्या बोटांच्या बाबतीत तेवढीही शिस्त पाळली नव्हती, याची लाज मला अजून वाटते. बायकोला हे सगळं सांगायला मला महिना लागला. ती ओरडली नाही. दोन दिवस बोलली नाही, ते जास्त जड गेलं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. ओट्यावर पाट मांडला : स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, स्क्रूड्रायव्हरचा संच, माझा लॅपटॉप. मुलीने कंपासपेटी आणली. खारआजोबांना बोलावलं होतं. ते त्यांचा तो छोटा प्रेस दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले, आदल्या रात्री तेलपाणी करून चकचकीत केलेला. हळद-कुंकू लावताना म्हणाले, "हे गंजवणार तर नाही ना?" मी म्हटलं, उद्या पुसून टाका. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो तर ते तसंच होतं.

बंदूक पाटावर ठेवली नाही. बायकोला नको होती, आणि मलाही नको होती.

बेळगावचा व्हिडिओ कॉल लागला. तिकडच्या पाटावर विळा, कोयता, मायक्रोमीटर. काकूंनी शिवणयंत्राला झेंडूचा हार घातला होता. मधली जागा मोकळी. लायसनदार वारला की शस्त्र जमा करावं लागतं. ताईने ते जूनमध्येच ठाण्यात नेऊन दिलं होतं. वारसाच्या नावावर लायसन करायचं की मोडीत काढायचं, यावर घरात अजून एकमत नाही. त्या मोकळ्या जागी तिने ठाण्याची पावती ठेवली होती, वर एक फूल.

"दिसतंय काय रे?" तिने कॅमेरा पावतीजवळ नेला. कन्नडमध्ये होती. शाळेत शिकलेलं कन्नड मला आता अडखळतच वाचता येतं. मुलगी शेजारून विचारू लागली, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी एकेक अक्षर लावत वाचलं. रिव्हॉल्व्हर, एक. काडतुसं, एकवीस.